कानदुखी आणि तेलाची वाटी

मध्यरात्रीं मूल कान धरून रडूं लागलें, कीं घरांतील वडीलधाऱ्यांचा हात प्रथम तेलाच्या वाटीकडे वळतो. या हातामागील मायेचा उपहास करण्याची आमची इच्छा नाहीं. मायेनें डोळस असावें, इतकेंच आमचें म्हणणें. लहान मुलाची वेदना बहुधा पडद्याच्या पलीकडे, मध्यकर्णांत असते. मध्यकर्णास नाकाच्या मागील भागाशीं जोडणारी युस्टेशियन नलिका मुलांत आंखूड व आडवी असते. त्यामुळें सर्दीचा संसर्ग तेथवर सहज पोंचतो, आणि आंत सांचलेला द्रव पडद्यास ताण देतो. वरून ओतलेलें तेल तेथें पोंचत नाहीं. पडदा फुटला असेल तरच पोंचतें, आणि तेव्हां अपाय करतें! त्या रात्रीं वजनाच्या मानानें दिलेलें पॅरासिटामॉल हेंच खरें साहाय्य. बहुतेक मुलांची कानदुखी सुमारें ३ दिवसांत शमते. मात्र मूल ६ महिन्यांच्या आंतील असेल, कान वाहत असेल, किंवा कानामागें सूज आली असेल, तर विलंब न लावतां डॉक्टरांकडे न्यावें.

प्रौढांची गोष्ट निराळी. त्यांचा कान निर्दोष असूनही दुखतो. कारण दाढ, जबडा व घसा यांची वेदना वाहणाऱ्या ज्ञानतंतूंच्या शाखा कानासही जातात. म्हणून न हटणाऱ्या कानदुखींत दांत व घसाही तपासून घ्यावा. मधुमेही वृद्धानें तर तिच्याकडे मुळींच दुर्लक्ष करूं नये.

आम्हां शिक्षकांचा संसार दुसऱ्यांच्या कानांवर चालतो. म्हणून हा आग्रह. वाटी खालीं ठेवावी, मूल मांडीवर घ्यावें. मायेचें काम तेवढ्यानेंही होतें.