गाणे परगावी जाते तेव्हा

कुस्तीत कोणाची पाठ मातीस लागली, हे आखाड्याबाहेर उभ्या असलेल्या पोरासही दिसते. परंतु दोन गाण्यांपैकी अधिक सरस कोणते, हे ठरविण्यास पंच बसविले की तंट्यास आरंभ झालाच म्हणून समजावे. असे असूनही मनुष्यास गाण्याचे सामने भरविल्यावाचून राहवत नाही. युरोपातील राष्ट्रे तर १९५६ पासून, एक २०२० साल वगळता, दरसाल असा सामना भरवीत आली आहेत. त्यास युरोव्हिजन म्हणतात. प्रत्येक राष्ट्राने आपले एक नवे गीत धाडावे, इतरांनी त्यास गुण द्यावेत आणि ज्याचे गुण अधिक ते विजयी, असा त्याचा सामान्य परिपाठ आहे. आपल्या देशाचा या सामन्याशी काही संबंध नाही. तथापि परक्यांपुढे आपले गाणे न्यावयाचे तर ते कोणाच्या बोलीत न्यावे, हा जो प्रश्न त्या राष्ट्रांस पडत आला, तोच यंदा अमरावतीस आमच्या माजघरात उभा राहिला. म्हणून हा लेखनप्रपंच.

अकोल्यास लोकगीतांची एक स्पर्धा भरावयाची आहे आणि आमच्या घरच्या व शेजारच्या मिळून आठ मुलींनी तीत भुलाबाईची गाणी म्हणावयाचे ठरविले आहे. वऱ्हाडातील वाचकांस भुलाबाई सांगावयास नको. इतरांसाठी एवढेच सांगते की, भाद्रपदी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत शंकरपार्वतीची म्हणजे भुलोबा-भुलाबाईची मातीची मूर्ती मांडून मुली घरोघरी गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात, आणि डबा वाजवून आतली खिरापत ओळखावयास लावतात. आमच्याकडील गाणी सासूबाईंच्या तोंडची. त्यांस पंचाऐंशीवे वर्ष लागले आहे. सकाळी कोण येऊन गेले हे त्यांस दुपारी आठवत नाही. गाणी मात्र एकामागून एक येतात.

या गाण्यांत ‘मला’ नाही, ‘मले’ आहे. ‘शेत’ नाही, ‘वावर’ आहे. आमचे थोरले भाऊजी महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी सुचविले की, परीक्षक बाहेरगावचे असणार, गुणपत्रकात उच्चारशुद्धीचे निराळे गुण आहेत, तेव्हा शब्द थोडे प्रमाण मराठीत घ्यावेत. चाल आहे तीच राहू द्यावी. सूचना अविचाराची नव्हती. पोरींनी महिनाभर घसा शिणवावा आणि बोलीपायी त्यांचे गुण जावेत, हे कोणत्या वडीलधाऱ्यास रुचेल?

भाऊजींच्या बाजूने एक मोठा दाखलाही आहे. लक्झेंबर्ग हा युरोपातील एक चिमुकला देश. त्याने १९६० साली युरोव्हिजनमध्ये आपल्या घरच्या लक्झेंबर्गी बोलीत गीत पाठविले. त्यास एकच गुण मिळाला आणि ते शेवटच्या क्रमांकावर राहिले. पुढल्याच वर्षी त्या देशाने फ्रान्सचा गायक व फ्रेंच गीत पाठविले, आणि पहिला क्रमांक पटकाविला! फ्रेंच ही तेथे राजभाषा म्हणूनही चालते, हे खरे. तथापि १९६१, १९६५, १९७२, १९७३ आणि १९८३ असे पाच वेळा त्या देशाने यश मिळविले, त्यांपैकी एकही गायक वा गायिका त्या देशातली नव्हती. त्या सामन्यात स्वभाषेतच गाण्याचा नियम १९६६ साली झाला, १९७३ साली उठला, १९७७ साली पुन्हा आला आणि १९९९ साली पुन्हा उठला. यावरून तेथील शहाण्यांसही या प्रश्नाने किती हेलकावे खावयास लावले, हे दिसून येईल.

परंतु दुसरा दाखला पोर्तुगालचा आहे. तो देश १९६४ साली प्रथम उतरला, तेव्हा त्याच्या वाट्यास शून्य गुण आले. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ त्यास विजय दिसला नाही. अखेर २०१७ साली कीव्ह येथे साल्व्हादोर सोब्राल या तरुणाने आपल्या बहिणीने रचलेले एक संथ गीत पोर्तुगीज भाषेतच गायिले आणि ७५८ गुणांनी तो पहिला आला. भाषा न कळणाऱ्यांनीच ते गुण दिले होते. अर्थात त्रेपन्न वर्षे धीर धरावयाची तयारी हवी, हेही त्यावरून कळते.

आमच्या अमरावतीचाही या विषयाशी एक जुना संबंध आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक उत्सवास गेले होते. पुष्कळांस ठाऊक नसेल, परंतु १९१२ ते १९४८ पर्यंत ऑलिंपिकमध्ये कलांच्याही स्पर्धा होत. बर्लिन येथे गीतरचनेची तिन्ही पदके यजमान जर्मनांनीच नेली. आमच्या मंडळींनी मात्र पदकाची अपेक्षा न धरता कबड्डी आणि इतर देशी व्यायामप्रकार, जसे येथील मातीत खेळत तसेच, तेथे करून दाखविले. पुढे १९५५ साली मोझरीचे तुकडोजी महाराज जपानमधील विश्वधर्म परिषदेस गेले, तेव्हाही त्यांच्या हाती खंजिरीच होती.

तथापि माझे मन ठरले ते या थोर उदाहरणांनी नव्हे. स्पर्धेसाठी बदललेले गाणे महिनाभर घोकले जाते, फोनवर ध्वनिमुद्रित होते, मावशीआत्यांकडे धाडले जाते. सासूबाई आज आहेत तोवर मूळ पाठ त्यांच्यापाशी आहे. उद्या मुली म्हणतील तेवढाच उरेल. पाच गुणांसाठी केलेली तडजोड पुढे हेच खरे गाणे म्हणून चालेल. शिवाय ‘मले’चे यमक ‘गेले’शी जुळते, ‘मला’चे जुळत नाही, एक शब्द सुधारावा तर पुढची ओळ पांगळी होते. घरात आपण ‘मला’ म्हणतो हे खरे. परंतु ही गाणी एकट्या आमच्या घराची नव्हेतच. आळीतल्या साऱ्या घरांच्या मुलींनी मिळून ती म्हटली, आणि त्या सर्वांची बोली तीत उतरली आहे.

मी हे बोलले तेव्हा भाऊजी काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनीच तोड काढली. गाण्यांपूर्वी एका मुलीने सात-आठ वऱ्हाडी शब्दांचा अर्थ प्रमाण मराठीत सांगावा, आणि गाणे आहे तसे म्हणावे. ते निवेदन त्यांनी स्वतःच लिहून दिले. उच्चाराचे गुण कदाचित जातील, हे मुलींस आधीच स्पष्ट सांगितले आहे. त्यांची त्यास तयारी आहे.

वाचकभगिनींस एकच विनंती. घरातील वृद्ध स्त्रियांच्या तोंडची गाणी या भाद्रपदापूर्वी लिहून घ्या. आणि लिहिताना आपली शुद्धलेखनाची लेखणी क्षणभर बाजूस ठेवा. त्या ‘मले’ म्हणाल्या तर ‘मले’च लिहा.