झीज कोणी सोसावी

गळू लागलेल्या नळास अधिक जोराने पिळणे ही मनुष्यमात्राची पहिली प्रेरणा असते, आणि ती इतकी सार्वत्रिक आहे की पुण्याच्या वाड्यात वाढलेला मनुष्य आणि ऑस्ट्रेलियातील ग्लेन वेव्हर्लीच्या बैठ्या विटांच्या घरात जन्मलेला त्याचा शेजारी, ज्यांचे अन्य कोणत्याही विषयावर सहसा एकमत व्हावयाचे नाही, ते उभयता या एका बाबतीत मात्र एकाच गुरूचे चेले शोभतात. थेंब थांबेना म्हणून आज मूठ आवळावयाची, उद्या थोडी अधिक आवळावयाची, आणि अखेरीस नळ बंद करण्याचा अधिकार घरातील सर्वांत बलिष्ठ व्यक्तीकडे सोपवावयाचा, हा क्रम स्वतःच्या व स्नेह्यांच्या घरचे नळ दुरुस्त करण्याच्या छंदापायी मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की, यजमानीणबाई न्हाणीघराची वाट दाखविताना "गरम पाण्याचा नळ जरा घट्ट फिरवा हं" असे सांगू लागल्या, की आत काय झाले असेल याचे निदान मला बाहेरच होते.

वास्तविक ज्या कारागिरांनी हा नळ कल्पिला, त्यांनी त्यात बळास फारसे स्थानच ठेवले नव्हते. इंग्लंडातील रॉदरहॅम येथील गेस्ट अँड क्राइम्स या पितळकाम करणाऱ्या पेढीने १८४५ साली दांडा खाली उतरवून बंद करावयाच्या नळाचे पेटंट घेतले. त्यापूर्वीच्या नळात आरपार छिद्र असलेला निमुळता दट्ट्या आडवा फिरवून पाणी तोडीत. ते एका झटक्यात अडे, आणि दाब मोठा असला तर तो धक्का नळ्यांना सोसत नसे. नव्या रचनेत दांडा आट्यांवरून सावकाश खाली येतो व रबरी वॉशर घातलेली एक लहानशी खुंटी पितळेच्या गोल बैठकीवर दाबून धरतो. मौज अशी की, ऑस्ट्रेलियातले प्लंबर जिला जंपर म्हणतात ती ही खुंटी दांड्याला जखडलेली नसते. दांडा वर गेला म्हणजे तो तिला ओढून नेत नाही. खालचे पाणीच तिला उचलते, आणि मुख्य नळीतील दाब नाहीसा झाला तर ती आपल्या भाराने बैठकीवर बसून घरातील पाण्यास माघारी फिरू देत नाही. उघडण्याचे काम पाण्याकडे, अडविण्याचे काम रबराच्या मृदुपणाकडे, आणि मनुष्याच्या हाताकडे केवळ इशारा, अशी ही कामाची वाटणी आहे.

मेलबर्नच्या आग्नेयेस सुमारे वीस किलोमीटरवर असलेले हे ग्लेन वेव्हर्ली दुसऱ्या महायुद्धापर्यंत फळबागा व भाजीमळ्यांचा मुलूख होता. १९३० साली आगगाडी येथवर आली, परंतु वस्ती दाट झाली ती युद्धानंतरच, आणि त्या पिढीच्या घरांतून जुन्या धाटणीचे हे नळ अद्यापि नांदत आहेत. लहानपणी मायदेशी आमच्याकडे नळ यावयाचा तो ठरल्या वेळी आणि जावयाचाही ठरल्या वेळी. तोटीखाली बादली कायमची मांडलेली असल्यामुळे गळणारा थेंबही जमेस धरला जाई. येथे मात्र अरण्याच्छादित डोंगरांतील धरणांचे पाणी अष्टौप्रहर दाबासह दाराशी उभे असते, आणि म्हणून येथील गळतीस रात्रीची विश्रांती नाही की दुपारची सुटी नाही.

मरामतीचा पहिला विधी अंगणात होतो. पुढच्या कुंपणालगत जलमापकाशेजारी घराची मुख्य चावी असते. ती बंद करून बागेतील सखल नळ उघडावा, म्हणजे नळ्यांत उरलेले पाणी निघून जाते. आत येऊन प्रथम बेसिनच्या छिद्रात फडके कोंबावे, कारण मुठीचा स्क्रू हातातून सुटल्यावर अन्यत्र कोठेही जात नाही. मुठीवरील तांबडी वा निळी टिकली नखाने उचकटली की खाली तो स्क्रू दिसतो. तो काढून मूठ वर खेचावी, खालचे चकचकीत झाकण हाताने फिरवून सोडवावे, आणि मग उघड्या पडलेल्या पितळी षट्कोनास, मध्ये कापडाचा पदर देऊन, पाना लावावा. बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या फेऱ्यात एक कोरडा कुरकुराट ऐकू येतो व त्यानंतर आटे मऊ चालू लागतात. परत जोडताना दांडा आधी पूर्ण वर घेऊन ठेवावा, नाहीतर पाना आवळताना नवा वॉशर जन्मताच चिरडला जातो. दांड्यावरील रबरी कड्यास सिलिकॉनचे वंगण लावावे, खनिज तेलाचे नव्हे, कारण त्याने रबर फुगते. आणि मुख्य चावी उघडताना ती इतक्या सावकाश उघडावी की नळीतील हवेला आदळआपट न करता बाहेर पडण्यास सवड मिळावी.

परंतु या सर्व खटाटोपात मला रस वाटतो तो बाहेर काढलेला जुना वॉशर तळहातावर घेऊन पाहण्यात. बैठकीच्या कडेने त्यावर वर्तुळाकार खोबण उमटवलेली असते. गरम पाण्याच्या नळातला असेल तर रबर कडक होऊन नखाने दाबता दाबत नाही, आणि कोठेतरी एखाद्या बाजूस कडा तुटून बारीक फट पडलेली असते. तेवढ्या फटीतून दाबाखालील पाणी इतक्या वेगाने निसटते की कालांतराने ते पितळेसही चरा पाडते. म्हणून वॉशर काढल्यावर बैठकीवरून बोटाचे टोक फिरवून पाहावे: गुळगुळीत लागली तर काम संपले, खरखरीत लागली, तर झिजण्याचे जे काम रबराचे होते ते पितळेवर आले, असे समजावे. दिव्याची वात जळण्यासाठीच असते, तसा वॉशर झिजण्यासाठीच असतो. त्यास मृदू केले ते बैठक वाचावी म्हणून, आणि स्वस्त केले ते बदलताना कोणाचा हात आखडू नये म्हणून. मूठ आवळणारा मनुष्य नळावर नव्हे, या योजनेवरच जुलूम करतो. कारण प्रत्येक जादा पीळ स्वस्त वस्तूच्या वाट्याची झीज महाग वस्तूच्या खाती ओढतो.

व्हिक्टोरिया राज्याच्या कायद्यातही हीच सीमारेषा असावी, याचे मला समाधान वाटते. येथे प्लंबिंगची बहुतेक कामे परवानाधारकाच्या अखत्यारात आहेत आणि नळ्यांना हात घालण्याची घरधन्यास मुभा नाही. परंतु वॉशर बदलणे तेवढे त्याच्याकडे मोकळे ठेवलेले आहे. मी याचा अर्थ असा लावतो की, बनिंग्जसारख्या हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या डॉलरांत मिळणाऱ्या वस्तूची जबाबदारी माझी. आणि मी ती वेळेवर पार पाडली नाही व बैठक खरवडली गेली, तर मग परवानेवाल्यास पाचारण करून त्याच्या येण्याजाण्याचे मोल मुकाट्याने मोजावे.

पाण्याचा हिशेबही मांडून पाहण्यासारखा आहे. चार हजार थेंबांचा एक लिटर धरला, तर सेकंदास एक थेंब या गतीने दिवसाला साडेएकवीस लिटर आणि वर्षाला जवळजवळ आठ हजार लिटर पाणी जाते. १९९७ पासून २००९ पर्यंत चाललेल्या दीर्घ अवर्षणात, जेव्हा मेलबर्नच्या धरणांतील साठा २००९ च्या मध्यास चौथ्या हिश्श्याच्या आसपास उतरला होता आणि घरापुढील हिरवळीस पाणी घालणे मना होते, तेव्हा सरकारने माणशी रोज १५५ लिटरांचे उद्दिष्ट जनतेपुढे ठेविले. त्या मापाने एक आळशी नळ एका माणसाचे पन्नास दिवसांचे पाणी गिळंकृत करतो, आणि गरम पाण्याचा असेल तर ते तापविण्याचा खर्चही.

तरीही गळका नळ दुरुस्त का होत नाही, याचे उत्तर मला ग्लेन वेव्हर्लीपेक्षा मुंबईलगतच्या मीरा रोड या वस्तीत अधिक स्पष्ट मिळाले. ‘धर्मयुग’ साप्ताहिकातील ‘ढब्बूजी’चे जनक, लेखक व व्यंगचित्रकार आबिद सुरती यांनी २००७ साली ‘ड्रॉप डेड’ नावाने एक उपक्रम आरंभिला: दर रविवारी एक प्लंबर व एक स्वयंसेविका बरोबर घ्यावयाची, इमारतीत जाऊन दारे ठोठावावयाची आणि गळके नळ विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचे. वयाची सत्तरी ओलांडलेल्या साहित्यिकाने हे काम अंगावर घ्यावे यात कोणास विक्षिप्तपणा दिसेल. मला त्यात अचूक निदान दिसते. एवढ्याशा रबरासाठी प्लंबर येण्यास राजी नसतो आणि एवढ्याशा रबरासाठी घरमालक त्याचा पाठपुरावा करीत नाही. काम क्षुल्लक असणे हेच ते न होण्याचे कारण होऊन बसते. सुरतींनी वॉशरचा प्रश्न सोडविला असे म्हणण्यापेक्षा, या दोघांमधील दिरंगाई त्यांनी आपल्या शिरावर घेतली असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

दुसऱ्याच्या दारी जाण्याइतके पुण्य माझ्या गाठी नाही, पण दिरंगाईला वाव राहू नये एवढी तजवीज मी करून ठेवली आहे. एप्रिलच्या पहिल्या रविवारी येथे घड्याळे एक तास मागे घेतात, आणि त्याच दिवशी धूरसूचक यंत्रांची बॅटरी बदला, असे अग्निशामक दल सांगत असते. त्या यादीत मी गरम पाण्याच्या नळांचे वॉशर घातले आहेत. गळत असोत वा नसोत, ते त्या दिवशी बदलले जातात. चांगला वॉशर फेकून देण्याच्या या उधळपट्टीबद्दल घरात मला दरवर्षी ऐकून घ्यावे लागते, परंतु मोडल्यावर दुरुस्त करणे व मोडण्याआधी बदलणे यांत दुसरेच अधिक काटकसरीचे, हे माझे मत आता या वयात बदलेल असे दिसत नाही. शिवाय त्या रविवारी सरकारने बहाल केलेला एक तास फुकटच हाती असतो, आणि मरामतीला तो नेमका पुरतो.