डाग नव्हे, खड्डे

एसटीत मी कायम डावीकडची खिडकी पकडायचे. वाईट गाल डावा, तो खिडकीकडे. बरा गाल शेजारणीकडे. कॉलेजात लागलेली ही सवय पस्तिशीपर्यंत सुटली नाही.

मुरूम आले सोळाव्या वर्षी. आजीने सहाणेवर जायफळ उगाळून लावलं, आत्याने मुलतानी माती आणली, मावशी म्हणाली, "लग्न झालं की जातात." मी आरशासमोर बसून नखाने फोडायचे, ते वेगळंच. पुढे मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. आठ दिवसांत चेहरा उजळला, घरात कौतुक झालं. ट्यूब बंद केली आणि तोंड लालबुंद, मुरूम दुप्पट! तिच्यात स्टेरॉइड होतं हे फार उशिरा कळलं. अशी मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात. देतात मात्र सर्रास.

अखेर त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी खोलीतला दिवा मालवला, बॅटरी गालाशी तिरपी धरली आणि माझ्या हातात आरसा दिला. "तपकिरी दिसतंय तो डाग. सावली पडतेय तो खड्डा. डाग उन्हापासून जपला तर हळूहळू फिका होतो. खड्ड्यात आतला थरच गेलेला असतो, तो क्रीमने कसा भरणार?"

म्हणजे इतकी वर्षं मी खड्ड्यांना डागांची औषधं लावत होते.

खड्ड्यांतही जाती. दाभणाने टोचल्यासारखे अरुंद, खोल ते 'आइस पिक'. कांजण्यांच्या वणासारखे उभ्या कडांचे ते 'बॉक्सकार'. आणि पसरट, लाटेसारखे ते 'रोलिंग'. त्यांत कातडी खालून तंतूंनी ओढून धरलेली असते. माझ्या गालावर तिन्ही नांदत होते, त्यामुळे एका उपायात भागणार नव्हतं.

पहिले काही महिने नुसते मुरूमच आटोक्यात आणले. नवे येत असताना जुने बुजवण्यात अर्थ नाही, हे बाईंनी बजावलं होतं. मग सबसिजन. भूल देऊन कातडीखाली सुई आडवी फिरवतात आणि ते तंतू तोडतात. दुखलं नाही, पण आवाज आला, अगदी कानाशी, जाडंभरडं कापड उसवताना येतो तसा. गाल आठवडाभर जांभळा. शाळेत सहकाऱ्यांना सांगितलं, दाढ काढली.

दाभणी खड्ड्यांत टोकदार काडीने टीसीए या तीव्र आम्लाचा कणभर थेंब टेकवला. खड्डा बघता बघता पांढराफटक. चुरचुरलं भरपूर. नंतर मायक्रोनीडलिंगच्या, म्हणजे बारीक सुयांनी गाल टोचून घेण्याच्या, चार बैठका, महिन्या-महिन्याने. लेझरचं मीच विचारलं. बाई म्हणाल्या, "आपल्या सावळ्या कातडीवर जोराचा लेझर मारला तर खड्ड्याच्या जोडीला काळा डागही पदरात पडू शकतो. गरज वाटलीच तर शेवटी, बेतानं." पॅकेज गळ्यात मारायची सोडून नको म्हणणारी डॉक्टर भेटली, हे नशीबच.

खड्डे पुसले जाणार नाहीत, उथळ होतील, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. वर्षाने पसरट खड्डे निम्म्याहून जास्त भरले. दाभणी अजून आहेत, मंगल कार्यालयातल्या दिव्यांखाली ठळक दिसतात.

गेल्या महिन्यात भाचीच्या हनुवटीवर मुरूम उठले. सहाण काढायला निघालेल्या आईला थांबवलं आणि पोरीला त्याच आठवड्यात बाईंकडे नेलं.