भुंवईवरील व्रण

गतवर्षीं अलास्कांत पुतण्याकडे गेलों, तेव्हां त्याच्या उजव्या भुंवईवर अर्धचंद्राकृति व्रण दिसला. अस्वलाच्या शिकारीकरितां घेतलेल्या ·३७५ बोअरच्या रायफलीची दुर्बीण बार काढतांना मागें येऊन लागली होती. "काका, ती थोडी पुढें सरकविली कीं झालें," तो म्हणाला.

आम्ही एका वृद्ध कारागिराकडे गेलों. डोळ्यापासून ४ इंच अंतर राहील अशी त्यानें दुर्बीण बसविली. पण तेवढ्यावर न थांबतां बैठकीचे स्क्रू काढून पाहिले. दोन अर्धे कातरले गेले होते! बंदूक मागें उसळते, जड दुर्बीण जागींच राहूं पाहते. तो सारा ताण स्क्रूंवर पडत होता. जखमी अस्वल समोर असतां दुर्बीण ढळली असती, तर? त्यानें नळीमागील पोलादांत आडवी खांच कोरून बैठकीचा कंगोरा तींत चपखल बसविला, अधिक जाड स्क्रू घातले आणि दुर्बिणीच्या कड्या लेप लावलेल्या पोलादी दांड्यानें एका रेषेंत घांसल्या. "स्क्रूनें धरावें, धक्का खांचेनें सोसावा," एवढेंच तो बोलला.

हकीकत ऐकून वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलें. मला मात्र वाटतें, तो व्रण झाला नसता, तर आंतलें दुखणें आम्हांस कळलेंच नसतें.