होकाराची मान

भिसेगावच्या आपल्या निवासी शाळेत मी पाचवीत दाखल झाले, तेव्हा घरची बोली निराळी आणि पुस्तकातली भाषा निराळी, हे मला प्रथम उमगले. घरी आम्ही ‘मला’ऐवजी ‘मना’ म्हणत असू. वर्गात तोंड उघडले तर कोणी हसेल, या धास्तीने गुरुजींच्या ‘समजले का?’ या प्रश्नाला मी नेहमी होकारार्थी मान डोलवी. मुसावादापासून विरत राहण्याचे शील रोज वंदनेत म्हणत असे. परंतु न बोलताही असत्य सांगता येते, हे ध्यानात येण्यास बल्गेरियाचा प्रवास घडावा लागला.

सोफियाहून रिलाचा प्राचीन मठ पाहावयास निघाले होते. दहाव्या शतकातील संत इव्हान यांच्या नावाशी जोडलेला हा मठ 1983पासून जागतिक वारसा यादीत आहे. बसस्थानकावर चालकाला विचारले, ‘रिल्स्की मनास्तिर?’ त्याने मान डावी-उजवीकडे हलवली. मी मुकाट्याने खाली उतरले आणि बस निघून गेली. बाकावरील एका आजींनी त्या बसकडे बोट दाखवले आणि मान तशीच हलवत म्हटले, ‘दा, दा!’ तेव्हा उलगडा झाला. बल्गेरियात मान आडवी हलली की होकार, आणि वर-खाली झाली की नकार. शिवाय परक्यांच्या सोयीसाठी काही जण मुद्दाम आपल्या पद्धतीने मान हलवतात, त्यामुळे घोटाळा अधिकच वाढतो. मानेवर विसंबू नये, शब्द ऐकावा: ‘दा’ म्हणजे हो, ‘ने’ म्हणजे नाही.

पुढील दिवसांत मी पुन्हा पहिलीतली विद्यार्थिनी झाले. तीस अक्षरांच्या सिरिलिक लिपीतील पाट्या बोट फिरवीत वाचू लागले. काही शब्द तर ओळखीचेच निघाले. दुकानाला ‘द्युक्यान’, बाजाराला ‘पझार’, साबणाला ‘सापून’. आणि चहा तर ‘चाय’च! फारसी-तुर्की वाटांनी फिरलेले हे शब्द इतक्या दूर भेटले, तेव्हा माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. आपल्याकडील ‘तू’ आणि ‘तुम्ही’प्रमाणे तेथेही ‘ती’ आणि ‘विये’ असा भेद आहे. वडीलधाऱ्यांना ‘विये’ म्हटले की चेहरे खुलत.

मात्र सर्वाधिक उपयोगी पडले ते एकच वाक्य: ‘ने राझ्बिरम’, म्हणजे ‘मला समजत नाही’. ते उच्चारताच कोणी हसले नाही. लोक सावकाश बोलत, कागदावर आकडे लिहून दाखवत, हाताला धरून थांब्यापर्यंत नेत. ज्या वाक्याला मी बालपणी भ्यायले, त्यानेच परदेशी माझ्यासाठी दारे उघडली.

परतल्यावर शाळेत गेले आणि पाचवीच्या मुलांना हा प्रसंग सांगितला. मुलांनी ‘हो’ म्हणत मान आडवी हलवण्याचा खेळ केला; वर्ग हास्याने भरून गेला. नंतर लिपीविषयी थोडे सांगून सवयीने मीही विचारले, ‘समजले का?’ सगळ्या माना डोलल्या. मागच्या रांगेतील एका मुलीची मान तेवढी स्थिर होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘ताई, मना नाय समजला.’

मी खडू उचलला आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.