बॅटरी ‘गेली’ म्हणण्यापूर्वी

घरातली एखादी वस्तू बंद पडली की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘गेली!’ मिक्सर गेला, पंखा गेला, इस्त्री गेली. दुरुस्त करणाऱ्यालाही हा शब्द सोयीचा असतो. गेलेल्या वस्तूच्या जागी नवी आणली की काम झाले. बिघडलेल्या वस्तूत मात्र डोके घालावे लागते. मोटारीच्या बॅटरीच्या नशिबी तर हा शब्द फार लवकर येतो. पण बॅटरी खरोखर जाणे आणि तिच्यातली वीज गाडीपर्यंत न पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आम्ही सांगलीला राहतो. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी मिरजेला न्यावे लागते. अंतर जेमतेम दहा किलोमीटर, पण पाळी सकाळी सहाची. यजमान नोकरीनिमित्त बाहेरगावी असतात, त्यामुळे गाडी चालवणे माझ्याकडे. गाडी म्हणजे २०१२ सालची मारुती आठशे. या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी आमची अजून इमानेइतबारे धावते आहे.

डिसेंबरमधल्या एका पहाटे अण्णांना शाल गुंडाळून गाडीत बसवले आणि किल्ली फिरवली. ‘टक्’ एवढाच आवाज आला. समोरचे दिवे चांगले लागत होते. किल्ली फिरवली की मात्र विझल्यासारखे मंद होत. शेवटी रिक्षा शोधून मिरजेला पोचेपर्यंत बराच उशीर झाला. डायलिसिसला साधारण चार तास लागतात आणि त्याच यंत्रासाठी पुढचा रुग्ण बाहेर थांबलेला असतो. त्या दिवशी अण्णांना तीन तासांवरच उठावे लागले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पायांवर सूज आली आणि रात्री दम लागू लागला. गाडी सुरू न होणे ही आमच्या घरात केवळ गैरसोय नव्हती, हे त्या रात्री नीट कळले.

बॅटरीच्या दुकानातला मुलगा येऊन गेला. त्याने बॉनेट उघडले, एक नजर टाकली आणि म्हणाला, “काकू, बॅटरी गेली. नवी टाका.” खर्च चार हजारांच्या आसपास. बॅटरी घेऊन दीड वर्षच झाले होते.

आमच्या शेजारी अण्णांचे पत्त्यांतले सोबती राहतात. उभी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढून निवृत्त झालेले. ते दहा नंबरचा पाना आणि मीटर घेऊन आले. बॅटरीच्या अधिक खुणेच्या टर्मिनलवर निळसर-पांढरा भुगा जमला होता, अगदी फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा. तो पाहून ते म्हणाले, “सूनबाई, बॅटरीला काही झालेलं नाही. तिचं नाक चोंदलंय.”

त्यांनी मीटरच्या दोन्ही वायरी बॅटरीच्या शिशाच्या दोन खुंट्यांवर टेकवल्या. मीटर साडेबारा व्होल्ट दाखवत होता. चांगली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, म्हणजे वीज होती. मग त्यांनी एक वायर खुंटीवर आणि दुसरी त्याच खुंटीवर बसवलेल्या पट्टीवर ठेवली आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. दोघांच्या मध्ये जवळजवळ शून्य दिसायला हवे होते. दिसले पाच व्होल्ट. “हे पाच व्होल्ट उंबऱ्यातच अडकलेत. सेल्फपर्यंत पोचणार कसे?”

मग दिवे कसे लागत होते? याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. सांध्यातला अडथळा फक्त ०.०५ ओहम धरा. दिवा चार-पाच अँपिअर वीज घेतो, त्यामुळे सांध्यात पाव व्होल्टही वाया जात नाही. पण थंड इंजिन फिरवायला सेल्फला शंभरेक अँपिअर लागतात. शंभराला ०.०५ ने गुणले की झाले पाच व्होल्ट! नळाच्या तोंडाशी कचरा अडकला तर घागर हळूहळू भरते, पण आग विझवायला धार मिळत नाही, तसेच हे. सेल्फच्या आधीच्या काळात गाडीला हँडल मारावे लागे. ते उलटे फिरून मनगट मोडण्याची भीती असे. १९१२ साली कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ बसला आणि बायकांनाही गाडी चालवणे सोपे झाले. हा सगळा भार तेव्हापासून बॅटरीच्या त्या दोन सांध्यांवर आहे.

हा भुगा येतो कुठून? मोटारीच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली बनवलेल्या बॅटरीचेच हे वंशज. बॅटरी चार्ज होताना आत वायू तयार होतो. त्याच्याबरोबर आम्लाचे बारीक तुषार झाकणांतून किंवा खुंटीच्या बुडाच्या फटीतून बाहेर येतात आणि धातूला खातात. शिशावर पांढरट क्षार धरतो. तांब्याच्या तारेला आम्ल लागले की निळा-हिरवा रंग येतो. तो म्हणजे आपल्या ओळखीचे मोरचूदच. पाणी जास्त भरले, पट्टी सैल राहिली किंवा गाडी बॅटरीला गरजेपेक्षा जास्त चार्ज करू लागली की हे लवकर होते.

शेजारच्या काकांनी स्वतः हात न लावता सगळे काम माझ्याकडून करून घेतले. “मी रोज पहाटे पाचला उठणार नाही,” हे त्यांचे कारण. तो क्रम आपल्यालाही उपयोगी पडेल.

गाडी उघड्यावर उभी करून बंद करावी आणि किल्ली काढून ठेवावी. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो, म्हणून जवळ विडी, काडी, उदबत्ती नको. हातातली अंगठी, बांगड्या काढाव्यात, गळ्यातले लोंबणारे मंगळसूत्र आत सारावे. रबरी हातमोजे आणि चष्मा घालावा.

आधी उणे खुणेची पट्टी सोडवावी, मग अधिकची. याला कारण आहे. उणे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. ते जोडलेले असताना अधिकच्या टोकावरचा पाना सांगाड्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. पट्टी अडकली असेल तर हलके हलके फिरवून काढावी. हातोडी मारू नये, खुंटी हलते.

बॅटरीला झाकणे असतील तर ती घट्ट आहेत ना, हे पाहावे. मग कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून जुन्या दातांच्या ब्रशने भुग्यावर लावावा. लगेच फसफसून फेस येतो. सोडा आम्लाला मारतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याचा हा फेस. फेस यायचा थांबला की आम्ल संपले. सोडा बॅटरीच्या आत मात्र जाता कामा नये, नाहीतर आतले आम्लही मारले जाईल. नंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडे पुसावे आणि खुंटी व पट्टीची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करावी.

जोडताना क्रम उलटा. आधी अधिक, शेवटी उणे. हाताने हलवून पट्टी हलली नाही म्हणजे पुरे. फार आवळू नये. सगळे जोडून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा, म्हणजे आम्लाचे तुषार धातूपर्यंत पोचत नाहीत. शिसे विषारी असते, म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात जाऊ नये. आम्ल डोळ्यात उडाले तर भरपूर पाण्याने पंधरा मिनिटे तरी डोळा धुऊन डॉक्टर गाठावा. नव्या गाड्यांत बॅटरीच्या टोकाला इलेक्ट्रॉनिक भाग जोडलेले असतात, म्हणून तिथे आधी गाडीची पुस्तिका वाचावी.

एवढे करायला मला अर्धा तास लागला. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झाले. खिडकीतून पाहणाऱ्या अण्णांना सगळे सांगितले, तेव्हा त्यांनी आपला डावा हात पुढे केला. डायलिसिससाठी त्यांच्या हातात धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडलेली आहे. तिला फिस्टुला म्हणतात. यंत्र लाखांचे असले, तरी सिस्टर आधी या जोडावर बोटे ठेवून थरथर जाणवते का ते पाहते. ती नसेल तर यंत्राचा काही उपयोग नाही. अण्णा म्हणाले, “गाडीचं आणि माझं दुखणं एकच गं. सांधा सांभाळायचा.”

प्रत्येक बॅटरी अशी वाचते असे नाही. तीन-चार वर्षे झालेली, फुगलेली, तडा गेलेली किंवा रात्रभर चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी उतरणारी बॅटरी बदललीच पाहिजे. साफ केल्यावर महिन्याभरात पुन्हा भुगा आला, तर इंजिन चालू असताना बॅटरीवरचे व्होल्ट तपासून घ्यावेत. ते साधारण चौदाच्या आसपास असावेत. पंधरावर जात असतील तर दोष चार्जिंगचा आहे. आणि जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये, दुकानात परत करावी. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. उघड्यावर फोडलेल्या बॅटरीचे शिसे माती-पाण्यात मिसळते आणि लहान मुलांना त्याचा सर्वांत जास्त धोका असतो.

हल्ली महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बॉनेट उघडून दोन्ही टोके पाहते. पाच मिनिटांचे काम. तुमच्याही घरात एखादे आजारी माणूस असेल, पहाटेची गाडी गाठायची असेल, तर ही पाच मिनिटे जरूर काढा. ‘गेली’ म्हणण्यापूर्वी एकदा सांधा पाहा. कित्येकदा खर्च फक्त चमचाभर सोड्याचा असतो.