नकाशातील कोरी जागा

भूगोलाच्या तासाला सरांनी एकदा अगदी साधा प्रश्न विचारला, "तुमच्या गावाची नदी कोणती?" शेजारच्या मैत्रिणीने तिच्या आजोळची गोदावरी सांगितली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "सर, भिवंडीला नदी नाही." वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. "सोमवारी नकाशा काढून आण," एवढेच म्हणाले.

घरी हे मी कोणाला सांगितले नाही. बाबा यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतात. त्यांनी शाळेची पायरी चढलेली नाही. त्यांना नकाशातले काय कळणार, असे मला वाटले. लिहिताना आज लाज वाटते, पण वाटले होते ते खरे.

मी ग्रंथालयात बसले. आपला प्रदेश उष्ण कटिबंधातला. वर्षाचा सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळाच जून ते सप्टेंबरात कोसळतो. सह्याद्री आणि समुद्र यांमधली पट्टी अरुंद, म्हणून नद्या आखूड नि वेगवान. त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावलेली गोदावरी पूर्वेकडे सुमारे १४६५ किलोमीटर जाते. तिथलीच वैतरणा पश्चिमेला वळते आणि दीडशेएक किलोमीटरांत समुद्र गाठते. दक्षिणेला उल्हास. राजमाचीच्या परिसरातून निघून ती कर्जत, बदलापूर, कल्याण करीत येते. भातसेला पोटात घेतलेली काळू तिला मिळते. पुढे तिची खाडी होते आणि ती वसईजवळ समुद्राला मिळते. हे सारे मी निळ्या पेन्सिलीने काढले. मधली भिवंडी कोरीच राहिली.

रात्री बाबा पाळीवरून आले. जमिनीवर पसरलेल्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. "हा डोंगर, ही खाडी. मग बाय, यात आपली कामवारी कुठं आहे?"

मी गप्प झाले. पुलाखालच्या त्या काळ्या पाण्याला मी लहानपणापासून नालाच समजत आले होते.

रविवारी बाबांनी खाडा केला आणि मला एस.टी.ने वज्रेश्वरीला नेले. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी नवस फेडण्यासाठी हे देऊळ बांधवले, असे सांगतात. जवळून तानसा वाहते. तिच्या काठाशी अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे आहेत. वर शहापूर तालुक्यात याच नदीवर १८९२ साली मुंबईसाठी धरण पुरे झाले. भातसेचे पाणीही पिसे येथे अडवून आमच्याच तालुक्यातील पांजरापूरला शुद्ध होते आणि मुंबईला जाते. त्या प्रचंड जलवाहिन्या तालुक्यात हिंडताना भेटतातच. आमच्या चाळीत नळाला पाणी पहाटे चारला येते. आई आणि मी आळीपाळीने उठतो. बाबांना हे बोलून दाखवले, तर म्हणाले, "पाणी उताराला जातं, बाय. पैसा असेल तिकडे उतार."

परतताना आम्ही कामवारीच्या पुलावर थांबलो. रंगाचे पाणी आणि प्लास्टिक यांतूनही प्रवाह खाडीकडे सरकत होता. २६ जुलै २००५ ला मी जन्मले नव्हते. वरून पाऊस, खालून भरती. पाण्याला जायला वाट उरली नाही. ती रात्र बाबांनी कारखान्याच्या माळ्यावर काढली होती. "तिला नाला म्हणतात, पण त्या रात्री ती नदी होती," ते म्हणाले.

शेवटी कशेळीची खाडी. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत जहाजे बांधायला घेतली, हे मी वाचले होते. बाबांनी सांगितले ते पुस्तकात नव्हते. खाडीकाठी आजोबांची खारीची भातशेती होती. बांधाला उघाडी असे. ओहोटीला शेतातले पाणी तिच्यातून बाहेर पडे, भरती चढू लागली की दार आपोआप मिटे. कोणत्या तिथीला उधाण येणार हे आजोबा चंद्र पाहून सांगत. ते शेत गेले. आज तिथे गोदाम आहे.

रात्री मी नकाशा पुन्हा पुढे घेतला. बाबांच्या हातात पेन्सिल दिली. त्यांनी ती कशी धरावी म्हणून माझ्याकडे पाहिले, मग खाली ठेवली आणि नुसते बोट फिरवले. उत्तरेकडून शहराच्या कडेने खाडीपर्यंत. त्या बोटामागून मी निळी रेघ ओढत गेले. खाडीजवळ बोट थांबले. "इथं आपलं शेत."

सोमवारी सरांनी नकाशा पाहिला आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारले, "हे काय?" मी म्हणाले, "सर, ही उघाडी. बाबांनी दाखवली." तो शब्द सरांनी माझ्याकडून फळ्यावर लिहून घेतला.